धानाच्या मुळांवरचा तांबूस लेप

रोवणी होऊन महिना उलटला की बांधीच्या (धानाच्या शेताच्या) एखाद्या कोपऱ्यात, जिथं धुऱ्याखालून म्हणजे बांधाखालून पाणी झिरपत असतं, तिथं पाण्यावर एक चकचकीत तवंग धरतो. निळसर, जांभळट, ऊन पडलं की सगळे रंग दाखवणारा. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या तुमसर तालुक्यात तो दिसला की पहिला संशय इंजिनावर. "डिझल सांडलं वाटते," असं म्हणून कुणीतरी इंजिनवाल्याला दोन शब्द ऐकवतं.

एक काडी घ्यावी आणि त्या तवंगातून फिरवावी. डिझेल असेल तर काडीमागे तवंग पुन्हा जुळून येतो. हा जुळत नाही. त्याचे कोनेदार तुकडे होतात आणि ते तुकडे तसेच सुटे तरंगत राहतात. हे तेल नाहीच. हा लोहाच्या संयुगाचा अतिशय पातळ पापुद्रा आहे आणि तो जीवाणूंच्या हातून तयार झालेला आहे. खालचा नारिंगी, बुळबुळीत गाळ चिमूटभर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात लांबच लांब पोकळ नळ्या दिसतात, लेप्टोथ्रिक्स नावाच्या जीवाणूंच्या. कधी पिळ घातलेल्या दोरीसारखे देठ दिसतात, ते गॅलिओनेलाचे. एहरेनबर्ग या जर्मन संशोधकाने १८३०च्या दशकातच या देठांचं वर्णन करून ठेवलं होतं. म्हणजे जीवाणूंमुळे रोग होतात हे कळायच्या कितीतरी आधी जीवाणू लोखंड घडवतात हे माणसाने पाहिलं होतं.

मी तालुक्याच्या महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी पोरापोरींना हा गाळ दाखवते, आणि दरवर्षी त्यातले बहुतेक जण म्हणतात की हे तर आमच्या बांधीत रोजचं आहे. रोजचंच आहे, म्हणून तर त्यावर सविस्तर लिहावंसं वाटलं.

पाण्यात विरघळलेला धातू आणि दगड झालेला धातू, वजनाने दोन्ही सारखेच. पेशीला मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. विरघळलेला धातू आयनाच्या, म्हणजे विद्युतभार असलेल्या सुट्या कणांच्या, रूपात असतो, पेशीच्या दारातून आत शिरू शकतो. दगड झालेला शिरू शकत नाही. जड धातूंच्या विषारीपणाबद्दल आपण बोलतो तेव्हा कोणता धातू आणि किती, एवढंच विचारतो. तो कोणत्या रूपात आहे, हे विचारायचं राहून जातं.

पेशीला धातू लागतातच. धानाचं हिरवं पान उन्हात पाणी फोडून प्राणवायू सोडतं, ते काम ज्या ठिकाणी होतं तिथं मँगनीजचे चार अणू बसलेले असतात. ते नसतील तर पान हिरवं असून उपयोगाचं नाही. आपल्याही पेशींमध्ये प्राणवायूच्या घातक रूपांना निकामी करणारं एक एन्झाइम मँगनीजवर चालतं. लोह रक्तात आहे, जस्त शेकडो प्रथिनांत आहे. म्हणून पेशीने आपल्या आवरणात या धातूंसाठी दारं ठेवलेली असतात. अडचण अशी की लग्नघरात वऱ्हाडासोबत कुणीही आत शिरावं तसे नको ते धातू याच दारांतून येतात. कॅडमियम जस्ताच्या, मँगनीजच्या दारातून येतं. शिसं कॅल्शियमच्या वाटेने येतं. आर्सेनिकचं एक रूप फॉस्फेटसारखं दिसतं, म्हणून फॉस्फेटच्या वाटेने येतं. दुसरं रूप धानाच्या बाबतीत जास्त त्रासाचं. धानाला सिलिका खूप लागते, त्यावरच त्याचं खोड ताठ उभं राहतं, पानं करकरीत होतात. सिलिकासाठी धानाच्या मुळांत ज्या वाटा आहेत त्याच वाटांनी पाणी साचलेल्या चिखलातलं आर्सेनिक वर चढतं. सगळ्या तृणधान्यांत तांदळात आर्सेनिक जास्त का सापडतं, याचं बरंचसं उत्तर इथं आहे.

आत गेल्यावर हे धातू काय करतात? कॅडमियम आणि पारा प्रथिनांतल्या गंधकाला घट्ट धरतात. ज्या प्रथिनाचा आकार त्या गंधकावर उभा असतो त्याचा आकार बिघडतो, काम थांबतं. रक्तातलं हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोह धरणारा भाग, बनवणाऱ्या एका एन्झाइममध्ये जस्ताची जागा असते, शिसं त्या जस्ताला हुसकून स्वतः बसतं. एन्झाइम तिथंच असतं, पण मुकं होतं, आणि रक्त कमी होत जातं. आपल्या गावांत रक्त कमी असलेल्या बायका घराघरात आहेत. त्याला शिसं जबाबदार आहे असं मी म्हणत नाही, कारणं बहुतेक वेळा ताटातच असतात. पण पेशीच्या आत किती अरुंद जागेवर हा सगळा खेळ चालतो ते त्यावरून कळावं.

जीवाणू म्हणजे तर एकच पेशी. त्याला यकृत नाही, मूत्रपिंड नाही, उठून दुसऱ्या गावी जायची सोय नाही. धातूने भरलेल्या पाण्यात राहायचं तर त्याच्याकडे थोडेच मार्ग असतात. आत आलेलं बाहेर फेकणारे पंप बसवायचे. किंवा धातू आत यायच्या आधीच त्याला दगड करून टाकायचा. हा दुसरा मार्ग मला जास्त विलक्षण वाटतो.

काही जीवाणू फॉस्फेट सोडतात आणि युरेनियमसारख्या धातूला स्वतःच्या आवरणाबाहेर फॉस्फेटच्या स्फटिकांत बांधतात. काही, जिओबॅक्टरसारखे, प्राणवायूऐवजी धातूवरच श्वास घेतात. १९८७ साली डेरेक लव्हली यांनी अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून असा जीवाणू वेगळा काढला, तो लोहाच्या गंजापासून चुंबकाला चिकटणारा मॅग्नेटाइट तयार करत होता. चिखलात राहणारे सल्फेटवर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तो वायू जस्त, कॅडमियम, शिसं यांना गाठतो आणि त्यांचे सल्फाइड होऊन खाली बसतात, जवळजवळ न विरघळणारे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या पाण्याने भरलेल्या एका जुन्या खाणीत जीवाणूंच्या थरांत जस्ताच्या सल्फाइडचे असे सूक्ष्म गोळे सापडल्याचं २००० साली प्रसिद्ध झालं. आपण ज्याला खनिज म्हणून खणतो ते तिथं जीवाणूंच्या सान्निध्यात घडत होतं.

सोन्याचंही असंच. क्युप्रिआविडस मेटॅलिड्युरन्स हा जीवाणू १९७०च्या दशकात बेल्जियममधल्या जस्ताच्या कारखान्याच्या गाळटाकीत सापडला. २००६ साली फ्रँक राइथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या कणांवर याच घराण्यातल्या जीवाणूंचे थर दिसले. विरघळलेलं सोनं पेशीला जहर आहे. हा जीवाणू त्याचं धातुरूप सोनं करतो, सूक्ष्म कणांचं, आणि जगतो. वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात, बालाघाटकडे, वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझारी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांच्या हाती लागणाऱ्या कणांचं मूळ कशात आहे ते मी सांगू शकत नाही, पण तिकडे जाते तेव्हा त्या थराची आठवण येतेच.

यात जीवाणूलाही जोखीम असते. अंगावरच दगड चढला तर तो त्यातच गाडला जाईल. म्हणून गॅलिओनेला दगड अंगावर चढू देत नाही, देठावर चढवतो आणि देठ मागे सोडत वाढत जातो. लेप्टोथ्रिक्स नळीतून बाहेर पडतो, नळी तिथंच राहते. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या बहुतेक नळ्या रिकाम्या असतात. विद्यार्थ्यांना वाटतं जीवाणू मेले. ते पुढे गेलेले असतात.

आता आमच्या भागाची गोष्ट. इथलं खरं वैशिष्ट्य लोह नाही, मँगनीज आहे. डोंगरी बुजुर्ग, चिखला, तिकडे नागपूर जिल्ह्यात मनसर, कांद्री, गुमगाव, या सगळ्या मँगनीजच्या खाणी. हा पट्टा पुढे बालाघाटपर्यंत जातो. एके काळी इथं समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ, पुढे दाबाने आणि उष्णतेने बदललेला. या खडकांतल्या एका जातीला भूशास्त्रात गोंडाइट म्हणतात. फर्मर नावाच्या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने ते नाव इथल्या गोंड लोकांवरून ठेवलं. डोंगरी बुजुर्गचा काळा मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी जातो.

अशा जमिनीत बोरिंग मारलं की पाण्यात मँगनीज येण्याचा संभव असतो, आणि ते पाणी फसवं असतं. आमच्या मोठ्याईच्या घरचंच सांगते. पाणी निघतं ते काचेसारखं. लोह असलेलं पाणी गुंडात (पाण्याच्या भांड्यात) तासाभरात पिवळं पडतं, गावाला ते माहीत आहे, लोक ते पीत नाहीत. मँगनीजचं तसं नाही. ते हवेशी फार सावकाश मिळतं. नुसत्या हवेच्या भरवशावर ठेवलं तर साध्या पाण्यात त्याला महिने लागतात, कधी वर्षंही. म्हणून गुंडात काही दिसत नाही. दिसतं ते धुतलेल्या पांढऱ्या धोतरावर, हळूहळू, करड्या-काळ्या डागांच्या रूपात. मोठ्याई म्हणायची, "पानी तं साफ हाये वो पोरी, धोतरच कायले कारं पडते?"

उत्तर पाइपात होतं. त्या बोरिंगचा जुना पीव्हीसी पाइप बदलला तेव्हा कापलेला तुकडा मी मागून घेतला. आतून तो पूर्ण काळा होता. बोट फिरवलं तर मखमलीसारखं मऊ लागे, आणि बोटाला लागलेला काळा रंग साबणाने जाईना. खरवड काढून जुन्या लोखंडी झाकणावर चांगली भाजली. भाजणं गरजेचं, कारण जीवाणूंमधलं एक एन्झाइमसुद्धा पुढच्या परीक्षेत फेस काढतं आणि निष्कर्ष चुकू शकतो. भाजल्यावर ती गार होऊ दिली आणि तिच्यावर औषधाच्या दुकानातल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकले. जोरात फसफसलं. मँगनीज डायऑक्साइड असंच करतो. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतूनच यावं लागतं, आणि ते नंतर आलंही. पण मोठ्याईला त्या फसफसण्याने जास्त पटलं.

पाइपाच्या भिंतीवरचे जीवाणू मँगनीजला काळा दगड करण्याचं काम हजारो पटींनी वेगात करतात. का करतात, हा प्रश्न फार काळ अडून होता. लोहापासून जीवाणूंना ऊर्जा मिळते हे माहीत होतं. मँगनीजवर कुणी जगतं का, याचा पुरावा नव्हता, फक्त शंभर वर्षांहून जुना अंदाज होता. २०२० साली अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या जॅरेड लेडबेटर आणि हँग यू यांनी तो पुरावा दिला. आणि सापडला कसा, तर लेडबेटर यांनी मँगनीज कार्बोनेटने माखलेली काचेची बरणी नळाचं पाणी भरून बेसिनमध्ये भिजत ठेवली आणि कामासाठी बाहेरगावी गेले. काही महिन्यांनी परत आले तर बरणी काळी झालेली. भांडं घासून ठेवण्याऐवजी त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मोठ्याईचा प्रश्न याहून वेगळा नव्हता.

हा काळा थर आणखी एक मोलाचं काम करतो. शिसं, कोबाल्ट, निकेल, कॅडमियम त्याच्यावर चिकटून बसतात, शिसं तर विशेष घट्ट. आर्सेनिकच्या जास्त घातक रूपाला तो कमी घातक रूपात बदलतो. म्हणून वाळूचं गाळणं जुनं झालं, वाळूचे कण काळपट झाले, की ते उत्तम चालायला लागलेलं असतं. एका गावात मी पाहिलं की कंत्राटदाराने "काळी झाली, घाण झाली" म्हणून सगळी वाळू काढून नवी पांढरीशुभ्र भरली. पुढचे कित्येक आठवडे लोकांना डागांचं पाणी मिळालं, कारण नव्या वाळूवर जीवाणू बसायला आणि थर धरायला वेळ लागतोच. वाळू हलकेच धुवायची असते, फेकायची नसते. ही साधी गोष्ट त्या माणसाला कुणी सांगितली नाही याचा मला अजून राग येतो.

मँगनीज शरीराला लागतं, तर पाण्यातलं का नको, असं विचारणारे भेटतात. १८३७ साली कूपर नावाच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यातल्या मजुरांबद्दल लिहिलं. ते काळा मँगनीज डायऑक्साइड दळत, ब्लीचिंग पावडर बनवण्यासाठी. त्यांच्या पायांतली ताकद गेली, चालताना ते पुढे झुकत, आवाज कुजबुजीसारखा झाला, तोंडातून लाळ गळे. श्वासातून गेलेली मँगनीजची धूळ मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागात साठते हे पुढे कळलं. पाण्यातून जाणारं प्रमाण त्या मानाने अगदी थोडं, आणि मोठ्या माणसाचं यकृत जास्तीचं मँगनीज पित्तातून बाहेर टाकतं. तान्ह्या बाळाचं यकृत ते काम नीट करू शकत नाही, आणि त्याचं आतडं मात्र जास्त शोषून घेतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ०.०८ ही तात्पुरती मार्गदर्शक मर्यादा दिली ती वरचं दूध पिणाऱ्या बाळांचा विचार करून. खाणपट्ट्यातल्या बाळाला बोरिंगच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून देऊ नये, अंगावरचं पाजावं, असं मी ओळखीच्या प्रत्येक आशाताईंना सांगत असते.

इतकं वाचून कुणाला वाटेल, जीवाणू आहेत, दगड करतात, प्रश्न मिटला. शेतकरी मेळाव्यांत आता "धातू खाणारे जीवाणू" म्हणून पुड्या विकणारेही दिसतात. धातू कुणी खात नाही. धातू म्हणजे मूलद्रव्य, ते कुजत नाही, जळत नाही, संपत नाही. जीवाणू फक्त त्याचं रूप बदलतो, आणि बदललेलं रूप परत फिरू शकतं.

कुठे फिरतं, तर आमच्या बांधीत. चिखलणी करून पाणी भरलं की काही दिवसांत चिखलातला प्राणवायू संपतो. मग खालचे जीवाणू आधी नायट्रेट वापरतात, नंतर मँगनीजचा काळा दगड, नंतर लोहाचा लाल, नंतर सल्फेट, आणि शेवटी मिथेन सुटू लागतो. म्हणजे जो दगड वर्षभरात तयार झाला तो पावसाळ्यात पुन्हा पाण्यात येतो, आणि त्याच्या अंगाला चिकटलेलं आर्सेनिकही सुटतं.

धानाकडे यावर स्वतःचा उपाय आहे. धानाचा पेंढा आडवा कापला तर आत पोकळ्या दिसतात. त्या पोकळ्यांतून हवा मुळापर्यंत उतरते आणि मुळातून थोडी बाहेर झिरपते. मुळाभोवती प्राणवायूचं पातळ कवच तयार होतं, तिथं लोह जीवाणूंच्या मदतीने पुन्हा दगड होऊन मुळावरच बसतं. एखादा चूड (धानाच्या रोपांचा झुपका) उपटून पाण्यात खळबळून पाहा: मुळं तांबूस, टोकं तेवढी पांढरी, कारण नव्या टोकावर लेप अजून चढायचा असतो. हा लेप आर्सेनिक अडवतो. सगळं नाही, पण बरंच. मुळं काळी असतील आणि वास येत असेल तर समजावं की चिखलात सल्फाइड माजलंय आणि मुळाला हवा पुरत नाहीये. ती काळी मुळं उघड्यावर ठेवली की थोड्या वेळात तांबूस होतात.

मग पाणी सोडून द्यावं, बांधी मधूनमधून वाळू द्यावी? आर्सेनिकसाठी ते चांगलं. पण चिखल वाळला की सल्फाइडमध्ये बांधलेलं कॅडमियम मोकळं होतं, आणि सुपर फॉस्फेटच्या पोत्यातून थोडंथोडं कॅडमियम शेतात येतच असतं. एका धातूसाठी जे योग्य ते दुसऱ्यासाठी उलटं. आणखी एक. कॅडमियमला दगडात बांधणारे हे सल्फेटवाले जीवाणू पाऱ्याच्या बाबतीत काय करतात? त्यांच्यातले काही पाऱ्याचं मिथिल पारा करतात, जो माशांत साठत जातो. जपानमधल्या मिनामाताचं दुखणं १९५६ साली उघडकीला आलं. तिथला मिथिल पारा कारखान्यातून आला होता, पण जीवाणूंच्या हातून तो कसा बनतो त्यामागचे दोन जनुक २०१३ साली सापडले. म्हणून खाणीचा ढिगारा तलावाच्या पाळीवर टाकून "निसर्ग बघून घेईल" म्हणणाऱ्याला मी ठाम विरोध करते. ज्या ठिकाणी मेहनत घेतली तिथं फळ मिळालंय. गुमगावच्या मँगनीज खाणीच्या उघड्या ढिगाऱ्यावर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने साखर कारखान्याची मळी (प्रेसमड), मुळांना साथ देणारी मायकोरायझा बुरशी आणि नत्र धरणारे जीवाणू घालून झाडं वाढवली. तिथंही जीवाणूंवर सोडून दिलं नाही, त्यांना माती दिली, झाडं दिली.

आमच्या काकाजींनी गेल्या उन्हाळ्यात अंगणात वाळूचं गाळणं बांधलं, वर फवाऱ्यासारखं पाणी पडून हवा मिळेल असं. दिवाळीपर्यंत त्याच्या तळाशी काळा गाळ साचला. काकाजी तो टोपल्यात भरून बांधीत टाकायला निघाले होते, तलावाचा गाळ टाकतात तसा. मी म्हटलं, तिथं नको, पावसाळ्यात पाणी भरलं की हे सगळं पुन्हा विरघळेल. ते म्हणाले, "मंग कुठं टाकू, सांग ना." खतकुड्यात चालणार नव्हतं, तिथंही ओल आणि सडवण, शेवटी ते शेतातच जाणार. बोरिंगपासून दूर, घरामागच्या मुरमाड टेकाडावर, जिथं पाणी थांबत नाही, तिथं खड्डा केला. वरून मुरूम टाकून दाबला, आणि पुढच्या वेळचा गाळही तिथंच टाकायचा असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं.